ओळंब्याची दोरी

जॉर्ज टाउनमध्ये तळघरात पाणी झिरपलं की लोक आधी कृष्णाजीला बोलावत आणि मग देवाला. हा क्रम कृष्णाजीलाही मान्य होता. मद्रासच्या जमिनीखालचं पाणी येऊन येऊन येणार कुठून? नळातून, गटारातून, विहिरीतून, नाहीतर समुद्रातून. चारांतला एक पकडायचा, की झालं.

१९५८ सालच्या आडी या तमिळ महिन्यात मात्र त्याला हाक आली ती धाकट्या बहिणीची, सुंदरीची. तिचा नवरा शहाजी इथल्याच एका कापडाच्या गोदामात गासड्या बांधायचा. त्याची गाठ अशी चिवट, की कृष्णाजीला ती कधी सुटली नाही. दिवाळीचं पुडकंसुद्धा सुरीनं कापून उघडावं लागे. तीन वर्षांपूर्वी आडीच्या अठराव्या दिवशी, कावेरी भरली म्हणून बायका नदीची पूजा करतात त्याच दिवशी, शहाजी तिरुवैयारूला गावी पोहायला उतरला तो वर आलाच नाही. देहही सापडला नाही. सासरच्यांनी घाटावरच सुंदरीच्या गळ्यातला मंगळसूत्राचा पिवळा दोरा कापून नदीत सोडायला लावला.

त्यानंतर ती मद्रासला परतली, हे तळघर भाड्यानं घेतलं आणि अप्पळम, म्हणजे उडदाचे पापड, लाटून विकू लागली. आता फरशीच्या फटींतून पाणी येत होतं आणि अप्पळम बुरसत होते. धंदा बुडाला तर तिला त्याच सासरी जाऊन राहावं लागणार होतं. ते कृष्णाजीला होऊ द्यायचं नव्हतं.

त्यानं शेजारच्या विहिरीत जांभळी पूड ओतली, गटारात ओतली. तळघरातलं पाणी होतं तसंच नितळ राहिलं. नळ मुळापासून बंद करवला, तरी पाणी हटेना. राहिला समुद्र. कृष्णाजीनं बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोड होतं. या भागात विहिरीसुद्धा मचूळ.

"अण्णा, कावेरीचं आहे ते," पायरीवर बसलेली सुंदरी म्हणाली. "वासच सांगतो की."

"कावेरी दोनशे मैलांवर आहे. इथे यायचं तर तिला एग्मोर स्टेशनचं तिकीट काढावं लागेल."

सुंदरी हसली नाही. "आज आडी अठरा," ती म्हणाली.

कृष्णाजीनं तिकडे कानाडोळा केला आणि कोपऱ्यातली फरशी पहारीनं उचकटली. खाली डोकं मावेल एवढं भोक, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. घमेल्यात सिमेंट कालवून तयार होतं. खोली मोजायची, ठासून बुजवायचं, हात धुऊन जेवायला बसायचं. त्यानं ओळंबा सोडला. तळ लागला की दोरी हातात सैल पडते, इतकं साधं काम.

दोरी सरसर खाली गेली. संपत आली, तरी पितळेचं वजन लोंबकळतच होतं.

"जमीन खचली असणार," कृष्णाजी म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला. मग त्यानं दोरी वर ओढली.

ओळंब्याच्या गळ्याभोवती पिवळा दोरा बांधलेला होता. हळद ओली होती, बोटांना लागत होती. गाठ चपटी, टोक आतल्या आत खुपसलेलं.

कृष्णाजीनं ती ओळखली. हात सवयीनं सुरीकडे गेला.

"कापू नका, अण्णा," सुंदरी खाली उतरून आली. "एकदा कापलाय."

"नदीत शेकडो बायका दोरे सोडतात, सुंदरी..."

"मी कापलेला सोडला होता. गाठ नव्हती त्याला." ती वाकली. "ही त्यांची गाठ."

तिनं नखानं टोक उचललं, थोडा पीळ दिला. गाठ सुटली. दोरा गळ्याभोवती घेऊन तिनं तो बांधला. कृष्णाजीनं सुरीवरचा हात काढून घेतला.

"पुन्हा सोडा," ती म्हणाली.

घमेल्यातलं सिमेंट घट्ट होऊ लागलं होतं.

"मघाशी कुठेतरी कपारीत गेला असेल," कृष्णाजी म्हणाला. "आता तळ लागेल बघ."

ओळंबा पाण्यात शिरला.

हातभर खालीच दोरी सैल पडली, खालून कुणी ओळंबा तळहातावर झेलावा तशी.