गोपीनाथरावांचा नवस

"बाबा, सीधी बात सांगते. मला डॉक्टरांनी वाचवलं, तुमच्या देवानं नाही!"

लेकीचे हे शब्द ऐकून गोपीनाथरावांच्या काळजात कळ उठली... आणि खरं सांगायचं तर टाळी वाजवावीशीही वाटली. कारण पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये अशी वाक्यं, ह्याच आवेशात, एकेकाळी ते स्वतः बोलत असत. नवस, गंडेदोरे, अंगारे यांच्याविरुद्ध त्यांनी कॉलनीच्या क्लबात इतकी भाषणं दिली होती की कारखान्यातले सहकारी त्यांना लांबून पाहताच स्कूटर वळवीत!

लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेनं संपदाची निवड केली होती. उद्या महाराणा प्रताप नगरात समारंभ. मंचावर येऊन आपली हकिकत सांगायची, मग पेपरात फोटो. पुण्याला जाऊन मायक्रोबायॉलॉजी शिकायचं तिचं सारं स्वप्न त्या मंचावर उभं होतं, आणि तिची आई सुचेताबाई सकाळपासून पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. "नको ती शिष्यवृत्ती! कॉलनीत कळलं तर ह्या पोरीला स्थळ कोण सांगेल?"

"नको सांगू देत! आणि बाबा, उद्या तुम्ही येऊ नका. तिथं डॉक्टर असतील. तुम्ही बालाजीच्या नवसाचं काढाल... मला लाज वाटेल."

"बरं," गोपीनाथराव म्हणाले. "नाही येत."

त्या एका 'बरं'मध्ये किती वर्षांचं मौन दाटलं होतं! सात वर्षांची चिमुकली संपदा मुंबईहून उपचार घेऊन परतली तेव्हा तिच्या डोक्यावर एक केस उरला नव्हता, आणि सुचेताबाईंनी नवऱ्याचे पाय धरले होते, "लोकांना कळता कामा नये हो!" तेव्हा हा नास्तिक माणूस निमूटपणे न्हाव्यासमोर जाऊन बसला, स्वतःचंही मुंडण करून आला आणि भेटेल त्याला सांगू लागला, "बालाजीला जाऊन आलो. दोघांचा नवस होता." लोकांनी लगेच विश्वास ठेवला, हे दुःख तर आणखी वेगळं! जिवलग मित्र अनंता "ढोंगी!" म्हणून जो उठून गेला तो पुन्हा उंबऱ्यात आला नाही. खोटं उघडं पडू नये म्हणून रोज संध्याकाळी देवळात उभं राहावं लागे, आणि ते नियमित उभं राहणं पाहून लोकांनी त्यांना देऊळ समितीचं अध्यक्ष केलं. लहान मूल बोलून जाईल म्हणून संपदालाही बाबांचं मुंडण नवसाचंच, असं सांगितलं होतं. पुढे ती मोठी झाली... पण खरं सांगायचं राहूनच गेलं.

"नाही कसे येत?" सुचेताबाई एकदम उठल्या. त्यांचा आवाज फाटला. "कार्टे, कुठला नवस नि कुठला बालाजी! तुझ्या एकटीच्या टकलाकडे कुणी बघू नये म्हणून ह्यांनी आपलं डोकं पुढे केलं गं... माझ्या हट्टापायी! देवाधर्मातलं काडीचं कळत नाही ह्या माणसाला!"

अठरा वर्षांची संपदा क्षणात सात वर्षांची झाली.

"बाबा... मग इतकी वर्षं देवासमोर हात जोडून तुम्ही काय पुटपुटत होता?"

गोपीनाथराव चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "काहीतरी म्हणायला हवंच ना. लोक बघतात. मला स्तोत्रं येत नाहीत... म्हणून तुझ्या वॉर्डातल्या डॉक्टरांची नावं घ्यायचो. सिस्टर्सची. तुझी शीर पहिल्याच टोचणीत शोधायचा, त्या टेक्निशियनचं."

संपदा त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, म्हणा ना... आत्ता म्हणा."

सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. एकेक नाव ओठांतून निघू लागलं, आणि भरल्या डोळ्यांनी ती प्रत्येक नाव त्यांच्यामागून म्हणत गेली...

सुचेताबाईंनी डोळे पुसले.

"उद्या ह्यांना शेजारी उभं कर," त्या म्हणाल्या. "आणि नावं घेशील तेव्हा बापासारखी पुटपुटू नकोस. त्या आजाराचंही नाव घे... मोठ्यांदा घे."