लबाड टाच

इथे फिनलंडमध्ये, आमच्या ताम्पेरेत, अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही. तळ्याकाठी रोज एकमेकांच्या शेजारून पळणारी माणसंसुद्धा वर्षानुवर्षं नुसती मान हलवतात. म्हणून त्या सकाळी मागून आवाज आला तेव्हा मी दचकलेच.

"बूट नवे आहेत तुझे… पण तू अजून जुन्यांतच पळतेयस."

हा ओत्सो. उंच, पिंगट केसांचा, आणि आगाऊ. पण बोलला ते खरं होतं मेल्याचं. माझे जुने बूट कागदासारखे पातळ. खडा टोचला की पाऊल आपसूक हलकं पडायचं. नवेही पातळच, फक्त तळ जरासा जाड. दोन्ही पातळ, मग त्यात शिकायचं काय, म्हणून मी पहिल्याच दिवशी पुऱ्या फेरीला निघाले होते. पायाखालची जमीन कळेना, ढांग लांबली, टाच आपटायला लागली आणि पोटऱ्या भरून आल्या.

पाऊल आखूड टाक, पुढे नको, अंगाखाली पडू दे, गुडघा सैल ठेव, आणि सुरुवातीला थोडंच पळ, असं त्यानं सांगितलं. मग एवढं बोलल्याबद्दल स्वतःच लाजून माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी तो तळ्याकाठच्या सौनापाशी, त्या वाफेच्या न्हाणीघरापाशी, उभा होता. मी तिथपर्यंत वाळूवरून एकटी यायचे. तिथून पुढे आम्ही जोडीनं पळू लागलो. "टाच," तो मधूनच म्हणायचा. एवढंच. त्या एका शब्दासाठी मी अंथरुणातून उठायचे.

खरं सांगू? माझं पाऊल केव्हाच सुधारलं होतं. पण ते कळल्यावर तो कशाला थांबणार माझ्यासाठी? म्हणून सौनापर्यंत मांजरीसारखी यायचे, आणि तो दिसला की… धप्प. पळताना हाताला हात लागायचा, आणि दोघंही काही झालंच नाही असं तळ्याकडे बघायचो.

ऑगस्टच्या शेवटी, बोटांवरची डोनटची साखर झटकत, त्यानं सांगितलं की उत्तरेला रोवानिएमीत नोकरी लागलीय, सोमवारी निघणार. मी म्हटलं, छान. आम्ही माणसं असलीच. जीव तुटत असला तरी छान म्हणतो.

शेवटच्या सकाळी ठरवलं, आज लबाडी नाही. सौनापासून पुढे माझ्या पावलांचा आवाजच आला नाही. तो थांबला.

"आज टाच नाही?"

"शिकले."

"आज?" तो हसला. त्यानं मागच्या ओल्या वाळूकडे बोट केलं. "सौनाच्या अलीकडे तुझे ठसे रोज नीट असतात, सायमी. टाच पलीकडेच रुतते. उन्हाळाभर बघतोय मी."

माझे कान तापले. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर… तू नीट पळाली असतीस."

मी त्याचा हात धरला. सोडवेना.

"तिकडे बर्फावर खिळ्यांचे बूट लागतात," तो हळूच म्हणाला. "त्यात पाऊल टाकायला पहिल्यापासून शिकावं लागतं. मलाही येत नाही. येशील?"

"पहिला बर्फ पडू दे," मी म्हटलं.

आता वाळूवर माझे ठसे सौनाच्या अलीकडे-पलीकडे सारखेच नीट असतात. बघवत नाहीत मला ते. म्हणून सकाळी बूट घालायच्या आधी मी रोवानिएमीचं हवामान बघते.