भरमाण्णाची पाळी

निपाणी रस्त्यावरच्या त्या कौलारू प्रार्थनामंदिरात महिन्याच्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती मंडळीचं प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. भरमाण्णा या मंडळीचा वडील, म्हणजे पंच. आदल्या दिवशी त्याची बायको बायाक्का मनुका भिजवून रस काढी आणि तो स्वतः पितळी प्याला चिंचेनं घासून लख्ख करी.

भोजनाआधी पाळकसाहेब सांगत, "आपापलं अंतःकरण तपासा. मगच हात पुढं करा."

सगळे डोळे मिटत. भरमाण्णा आपली पापं आठवी. बैलाला मारलं, भावाशी भांडलो. एका गोष्टीपाशी मात्र मन थबके आणि वळसा घालून पुढं जाई.

प्लेगात बायाक्काच्या काखेत गाठ आली, तेव्हा तो पहाटे गुपचूप मरीआईला नारळ फोडून आला होता. परतताना ओढ्यावर विधवा अक्काताई दिसली. तिनं नुसतं बघितलं. ही बोलणार, या धास्तीनं त्यानंच आधी मंडळीत उठून सांगितलं, अक्काताई मरीआईला गेली होती.

"मी गेलते न्हाय," एवढंच ती म्हणाली. त्याचं नाव घेतलं नाही. तिचं प्रभुभोजन बंद झालं.

बायाक्का वाचली. अक्काताईला मात्र गाठ आली आणि ती माळावरच्या प्लेगच्या झोपडीत मेली. मरताना, तापानं फणफणत, तिनं प्रभुभोजनाचा प्याला मागितला होता. "नियम म्हंजे नियम," असं दारातूनच सांगून परतला तो भरमाण्णाच.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला प्याला त्याच्या हाती आला, तो रिकामा. त्यानं उगाच ओठ लावले आणि शेजारच्या मालुबाईकडं दिला. ती घोट घेऊन ओठ पुसत होती.

पुढच्या महिन्यात त्यानं डोळे उघडे ठेवले. अलीकडच्या माणसाच्या हातात रस हिंदकळत होता. त्याच्या हातात पितळेचा कोरडा तळ. मालुबाईच्या हातात पुन्हा रस.

महिनाभर त्याला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या प्रभुभोजनाला तो उभा राहिला. "साहेब, मरीआईला मी गेलतो. अक्काताई न्हाय."

बायाक्कानं पदर तोंडावर ओढला. "आता हात पुढं करा," म्हणत पाळकसाहेब स्वतः प्याला घेऊन आले.

प्याला जड होता. काठोकाठ भरलेला. भरमाण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तो उचलला.

"अण्णा, आदी मला."

आवाज मागून आला. मागं भिंत होती.

त्यानं हात खांद्यावरून मागं नेला. प्याला हलका होत गेला. घोटाघोटानं. गिळल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता.

मग तो आवाज थांबला.

"घेतलंत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

भरमाण्णानं आत बघितलं. थेंबही नव्हता.

"व्हय," तो म्हणाला.

मालुबाईनं प्याला तोंडाला लावला आणि दचकून दूर धरला. बोटानं ओठ चाचपत ती हळूच म्हणाली,

"काठ लई तापलाय की ओ."