कपाटावरचं गाढव

"हे गाढव आपलं का?"

कंपनीत रुजू झाल्याच्या पहिल्याच सकाळी धम्मदीपने शेजारच्या टेबलावरचं कापडी गाढव उचलून विचारलं. कल्याणीने मान वर केली नाही.

"माझंच. आठवडाभर. ज्याची चूक सापडते, त्याच्या टेबलावर हे बसतं. येणारा-जाणारा गाढवासारखं ओरडून दाखवतो. मज्जा असते हो!"

तो हसला नाही. तेवढ्यानेच तो तिला आवडला... पण तिने मनाला तसं कळू दिलं नाही.

आठवडा संपला, गाढव कपाटावर गेलं. बिबवेवाडीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो तिच्यासाठी खिडकी सोडू लागला. "मला वारा सोसत नाही," म्हणायचा. 'आपण'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी त्यांची टीम प्रोग्राम लिहीत होती. प्रोग्राम पाठवायच्या दिवशी सकाळी कल्याणीला दिसलं, मुलांच्या औषधाची मात्रा मोठ्यांच्या तक्त्यातून येतेय. काम तिचंच. सांगावं तर पुन्हा गाढव, पुन्हा तो आरडाओरडा... न सांगावं, तर तिकडचं एखादं पोर!

"काय झालं?" धम्मदीपने विचारलं.

"काही नाही."

"तुझ्या 'काही नाही'ला घाम फुटलाय."

तेवढ्यात टीमचे प्रमुख श्रीधर सर आले. "सगळं ठीक ना? की कुणाला गाढव पाळायचंय?"

सगळे हसले. धम्मदीप उठला आणि त्याने गाढव स्वतःपुढे ठेवलं.

"मला, सर. काल एक भाग न तपासताच तपासला म्हणून कळवलं."

हसू जागच्या जागी थिजलं. कल्याणी उभी राहिली. तिने मात्रेचं सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला. "आज पाठवायचं नाही. दुरुस्त करा." दारापाशी थबकून म्हणाले, "आणि... बरं केलंत, बोललात."

सरांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळच! त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही. उलट दुपारी आणखी एकाने हळूच आपली चूक सांगितली.

संध्याकाळी दुरुस्ती झाली. कल्याणीने गाढवाकडे हात नेला.

"अंहं, आधी नंबर माझा," धम्मदीपने ते जवळ ओढलं. "आणि अजून एक कबूल करायचंय... मला वारा छान सोसतो. तू बाहेर बघत असलीस, की मला तू दिसतेस — म्हणून खिडकी."

तिने गाढव त्याच्या हातातून काढून आपल्या टेबलावर ठेवलं.

"मग हे माझंच," ती म्हणाली. "मला केव्हाचं माहीत होतं... आणि मी मुद्दाम बाहेर बघत बसायचे."