भेगेवरची काच

सोनिवलीच्या डोंगरातल्या दगडखाणीची भिंत सकाळच्या सुरुंगानंतर खाली आली. अर्धी भिंत पोकलेनवर, आणि पोकलेनमध्ये चंदर. त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

दुपारी खाण-सुरक्षा अधिकारी वृंदा पोचली. उरलेल्या भिंतीवरून अजून खडे घरंगळत होते. तो आवाज तिला एका जागी बसू देईना.

केबिनबाहेर सुरुंग लावणारा बबन हवालदाराशेजारी उकिडवा बसला होता. त्याची बायको शालन पोराला कडेवर घेऊन उभी. पोराने वृंदाच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. तिने ते लगेच सोडवलं नाही.

"मॅडम, रोजचाच बार भरला मी," बबन म्हणाला. "जास्त नाय, कमी नाय."

"मग भिंत काय शिंक आली म्हणून पडली?" मुकादम धर्मेश खेकसला. "मॅडम, आत या. चहा सांगतो."

केबिनमध्ये गणपतीची तसबीर होती, वर ताजं जास्वंद. कुंकवाचा ओला टिळा कागदात झिरपून देवाचं कपाळ लालभडक झालं होतं.

"पूजा कोण करतं?"

"मीच. आधी बाप्पा, मग काम. आजही केली."

"भिंतीच्या माथ्यावर भेग होती ना, तिच्यावर काय लावलं होतं?"

"काचपट्टी. भेगेवर आडवी, दोन्ही टोकं सिमेंटात. भेग हलली की काच तडकते. तडकली की खाण बंद, कोणी खाली उतरायचं नाही. पण आज सकाळी अख्खी होती. सगळ्यांनी बघितली."

"जादा पट्ट्या दाखवा."

"संपल्यात. कॅम्प दोनहून आणायच्यात."

वृंदा चहा न घेताच वर चढली. कड्याच्या काठाला अर्धी काचपट्टी चिकटून होती. उरलेली भिंतीबरोबर गेली होती. तिने सिमेंटवर नख दाबलं. नख रुतलं. काच पुसली. धूळ निघाली, एक तेलकट लाल डाग मात्र निघेना. पायाखालून मूठभर खडी सुटली तशी ती झपाझप उतरली.

"हवालदारसाहेब, बबनला सोडा." ती केबिनमध्ये शिरून धर्मेशकडे वळली. "सिमेंट अजून ओलं आहे. काच आजच बसवली. म्हणजे आधीची तडकली होती, भिंत सुरुंगाआधीच हलत होती."

"मग ह्या बबननेच बदलली असेल."

"काचेवर कुंकू आहे. ती तुमच्या तसबिरीची काच आहे."

"केबिन उघडीच असते, मॅडम. कोणीपण काढेल."

"काढेल ना. पण आज टिळा लावताना तुमचं बोट काचेऐवजी कागदाला लागलं. रोज पूजा करणारा माणूस, आणि बाप्पाची काच कुठे गेली म्हणून साधी चौकशी नाही? काढलेली काच कुठे आहे हे ठाऊक असलेलाच गप्प राहतो."

धर्मेश तसबिरीकडे बघेना. "खाण बंद पडली असती," तो पुटपुटला. "वाटलं, एक दिवस निभेल."

बाहेर शालनने पोराला बबनच्या मांडीवर ठेवलं.

"उतरण्याआधी चंदरने काही विचारलं होतं?" वृंदाने धर्मेशला विचारलं.

"रोज विचारायचा. मुकादम, काच कशी आहे?"

"आणि आज?"

भिंतीवरून पुन्हा खडे घरंगळले.

"म्हटलं, अख्खी आहे. जा."