मागून दोर धरणारा

ही गोष्ट मी बनवलेली नाही. बनवता आली असती, तर तिचा शेवट वेगळा केला असता.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. सकाळचे साडेसहा. चांगलं उजाडलं होतं.

गंगाखेड रोडला एका बड्या मालकाचा सहा होलचा गोल्फ कोर्स आहे. परभणीत गोल्फ म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. पावसाळा संपला की तिथलं गवत कापायचं, बारीक माती पसरायची आणि रोलर फिरवायचा, हे माझं काम. मी सिद्धोधन. माझ्याआधी हेच काम माझे बाबा, सूर्यभान, करायचे.

तिसऱ्या होलला उतार आहे आणि खाली तळं. तिथं एक जण पुढं दांडी धरून चालतो, दुसरा मागून दोर ताणून रोलर आवरतो. दर दहा पावलांना मागच्यानं आवाज द्यायचा, "धरलंय." पुढच्यानं मागं बघायचं नाही. मान वळली की रोलर तिरका जातो आणि गवत सोलून निघतं.

त्याच उतारावर त्याआधी तीन वर्षं बाबा रोलरखाली गेले. मागं आश्रुबाकाका होते, बाबांचे वीस वर्षांचे जोडीदार. "दोर तुटला," म्हणाले. आमच्या दारात ते माझ्यापेक्षा जास्त रडले. मला कामावरही त्यांनीच लावलं.

त्या सकाळी गवतावर दव होतं. मी पुढं, काका मागं.

"धरलंय."

दहा पावलं.

"धरलंय."

पुढची दहा पावलं... आवाज नाही.

रोलर मात्र कधी नव्हे इतका अलगद उतरत होता.

मग मागून आवाज आला...

"हाय मी."

काका असं कधीच म्हणत नसत. असं फक्त बाबा म्हणायचे, शाळेच्या सुट्टीत मला दांडी धरायला देऊन स्वतः मागं राहायचे तेव्हा.

तेवढ्यात डावीकडून, लांबून, कुणीतरी फोनवर बोलताना ऐकू आलं. पाहिलं तर काका शेडपाशी उभे. कानाला मोबाईल.

मग मागं कोण?

मी वळलो.

दोर हवेत ताठ... दुसऱ्या टोकाला कुणीच नाही.

दाबलेल्या गवतावर काकांची पावलं अर्ध्यातूनच शेडकडे वळली होती. त्यापुढं एकही पाऊल नव्हतं.

मी बाजूला झालो. तेव्हाच दोर सैल पडला आणि रोलर घरंगळत तळ्यात गेला.

काकांनीही पाहिलं होतं. ते धावत आले, दोरापाशी मटकन बसले आणि त्यांनी हात जोडले.

"सूर्यभान, माफ कर रे! त्या दिशीबी फोन आल्ता म्हनून सोडला म्या. दोनच मिन्टं!"

"काका, दोर तुटला होता ना?"

ते माझ्याकडे बघेनात.

"नंतर कापला म्या, तुटल्यागत दिसावा म्हनून. इळ्यानं. नौकरी गेली असती, सिद्धू."

तीन वर्षं मी या माणसाच्या हातचा चहा प्यायलो होतो. आणि आजही त्यानं दोर सोडला होता, माझ्या पाठीमागं, मला न सांगता. भुतापेक्षा मला त्याचीच जास्त शिसारी आली.

काका परत कामावर आले नाहीत. आता भागवत नावाचा नवा गडी मागं असतो. सरळ माणूस आहे, "धरलंय" वेळेवर म्हणतो. तरी दर दहा पावलांना माझी मान वळते. गवत सोलून निघतं, मालक ओरडतात.

गेल्या आठवड्यात भागवत आला नाही. मी एकटाच रोलर घेऊन उताराला लागलो. का, ते अजून मला सांगता येत नाही. दोर मागं नुसता पडला होता...

दहाव्या पावलाला तो ताणला गेला.

खाली तळ्यापर्यंत माझी मान एकदाही वळली नाही.