कोरडा भराव

पाथर्डीकडच्या एका वस्तीवर राहत होती कडूबाई, तिचा नवरा भीमा, त्यांची लेकरं आणि सासू बनुबाई. वस्तीच्या डोक्यावर पाझर तलावाचं काम, त्यावर मुकादम सहादेव. जवळ सरका पोरांनो. गोष्ट नाही ही, कडूबाईच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात तो बांध घातला. माती वीतभर टाकायची, पाणी मारायचं, धुमसानं, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्यानं कुटायची, मग वरचा थर. धुमस भीमाच्या हातात. पण प्यायला पाणी नाही, तिथं मातीला कुठलं? सहादेव कोरडीच माती लोटायला लावी.

"मुकादम, कोरडा भराव उद्या बसंल," भीमा म्हणायचा. "पानी वाट काढंल. खाली आमची वस्ती हाय."

एका सांजेला बांधाच्या पायाच्या चराची कड ढासळली. भीमा धुमसासकट गाडला गेला. कडूबाई नखांनी माती उकरायला लागली, तर सहादेवनं तिला केसाला धरून मागं ओढलं.

"मेला त्यो! टाका पाट्या!"

मातीखालून धुमसाचा आवाज येत होता. तरी पाट्या पडत राहिल्या. त्याच्यावरच बांध चढला.

पुढच्या साली तलाव भरला. त्र्याहत्तरची सर्वपित्री अमावस्या, बुधवार. भीमाच्या नावाचं पान दिवसभर छपरावर, कावळा शिवेना.

"त्याचं काय राहिलंय गं?" बनुबाई म्हणाली. "जा, पान घिऊन जा. इचार त्याला."

रात्री नऊच्या सुमाराला कडूबाई कंदील घेऊन बांधावर चढली. भीमा जिथं गाडला, तिथंच बांध हातभर खचलेला. पाणी चढत चढत त्या खाचेच्या चार बोटं खालपर्यंत आलेलं. सकाळी साहेब बांध बघायला येणार, म्हणून सहादेव एकटाच फावड्यानं सैल माती भरत होता.

"कुटा की ती, मुकादम! पानी फुटलं तर अख्खी वस्ती जाईल."

"नवऱ्याला जेवू घालाय आलीस व्हय?" तो हसला. "बोलव त्याला. कुटायला मानूस पायजेच हाय."

तिनं पान खाचेत ठेवलं. भात मातीत उतरला. मग वरण. मग पानच...

खालून आवाज आला. धप्.

सहादेवचं हसू थांबलं. माती घोट्यापर्यंत आली. गुडघ्यापर्यंत.

"कडूबाई... हात दे..."

तिनं दिला. त्याच्या कमरेला खालून कोणीतरी मिठी घातली. हिसका बसला. हात सुटला.

मग वरून आदळलं. दिसलं काहीच नाही. खांदा मोडला. धप्. बरगड्या. तो ओरडला... तोंडातून रक्त मातीवर आलं. धप्. डोकं.

धप्.

भराव ओला लागतो. त्या रात्री ओला झाला.

कडूबाई कंदील घेऊन तिथंच बसली. पहाटेपर्यंत आवाज चालू होता...

सकाळी बांध सपाट. साहेबानं तिथं टिकाव मारला, तर पातं वाकलं. तलावाचं पाणी सांडव्यानं निघून गेलं, वस्ती वाचली. मुकादम पळाला, असं लोक म्हणाले. कडूबाईच्या विहिरीला पाझर आला, तो आजतागायत आटला नाही. तिच्या घरातलं माणूस पुन्हा कधी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं नाही. बनुबाई नातवंडांच्या लग्नात जेवून मग मेली.

पन्नास वर्षांत सगळा बांध दीड हात खाली बसला. मातीच ती, बसायचीच. तेवढा एक तुकडा, दोन माणसं आडवी मावतील एवढा, बसला नाही.

दर पावसाळ्यात बोटभर वर येतो.